नाचो नावाचा हॉटेलवाला

बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात, तर किराणा दुकानाच्या दारात रंगीत पाकिटांच्या माळा लटकलेल्या दिसतात. शेव, वेफर, चिवडा यांच्या जोडीला अलीकडं मक्याच्या तिकोनी चकत्यांचं पाकीटही असतं. त्यावर लिहिलेलं असतं ‘नाचोज’. पोरं त्यासाठी हट्ट धरतात. शहरातल्या सिनेमागृहात तर हाच पदार्थ पिवळ्या पातळ चीजमध्ये बुडवून देतात आणि त्याचे असे पैसे घेतात, की तेवढ्यात आपल्याकडं घरच्या चार माणसांचं जेवण व्हावं.

तुम्ही म्हणाल, असेल काहीतरी इंग्रजी नाव. तर वाचकहो, ते इंग्रजी नाही आणि पदार्थाचंही नाही. ते एका माणसाचं नाव आहे, तेसुद्धा लाडाचं. आपल्याकडं पांडुरंगाचा पांडू होतो, दत्तात्रयाचा दत्तू होतो, तसा स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखात इग्नासिओचा नाचो होतो. उद्या एखाद्या पांडूनं केलेलं थालीपीठ जगभर ‘पांडूज’ म्हणून विकलं जावं आणि खाणाऱ्याला पांडू कोण हे ठाऊकही नसावं, तशी ही गोष्ट आहे. आज त्या माणसाबद्दलच लिहायचं आहे.

त्याचं पूर्ण नाव इग्नासिओ अनाया. जन्म १५ ऑगस्ट १८९५ चा. (तारीख आपल्याला वेगळ्या कारणानं पाठ आहे.) मेक्सिको देशाच्या चिवावा राज्यात तो जन्मला, पण त्याचं नाव जोडलं गेलं ते शेजारच्या कोआविला राज्यातल्या पिएद्रास नेग्रास या गावाशी. पिएद्रास नेग्रास म्हणजे काळे दगड. त्या भागात दगडी कोळसा सापडतो, त्यावरून हे नाव पडलं. गाव अगदी सरहद्दीवर आहे. मधून नदी वाहते. अमेरिकावाले तिला रिओ ग्रांदे म्हणतात, मेक्सिकोवाले रिओ ब्राव्हो. नदीवर पूल, आणि पुलापलीकडं अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचं ईगल पास हे गाव. आपल्याकडं दोन राज्यांच्या सीमेवरच्या गावांत जसं एकाची मुलगी दुसऱ्याच्या घरात, एकाचा माल दुसऱ्याच्या बाजारात आणि बोलण्यात दोन्ही भाषांची भेळ असते, तसाच तिथलाही प्रकार.

अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षं दारूबंदी होती. त्या काळात नदीपलीकडची माणसं पूल ओलांडून मेक्सिकोच्या गावात यायची, बसायची, जेवायची, खरेदी करायची. त्यावर सरहद्दीच्या गावांतली हॉटेलं उभी राहिली. दारूबंदी उठली, तरी लोकांची ये-जा काही थांबली नाही. पिएद्रास नेग्रासमध्ये ‘व्हिक्टरी क्लब’ नावाचं असंच एक हॉटेल होतं आणि आपला नाचो तिथं कामाला होता. दारात उभं राहून गिऱ्हाइकांचं स्वागत करायचं, त्यांना टेबल दाखवायचं, कुणाला काय हवं-नको बघायचं. आपल्याकडच्या हॉटेलांत अशा माणसाला कॅप्टन म्हणतात. भटारखान्याशी त्याचा तसा संबंध नसतो. हे ध्यानात ठेवा, कारण पुढची गोष्ट याच्यावरच उभी आहे.

पण त्या गोष्टीआधी थोडं मक्याबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर ती कळायची नाही.

मका हे मूळचं मेक्सिकोचं पीक. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी तेओसिंते नावाच्या एका रानगवताची निवड करत करत त्याचा मका केला. त्या गवताचं कणीस बोटाएवढं, त्यात मोजके कठीण दाणे. पिढ्यान् पिढ्या चांगलं कणीस बियाण्याला राखायचं, हीच त्यांची प्रयोगशाळा. ज्यांच्या घरात आजही उतरंडीत बी राखलं जातं, त्यांना यातली चिकाटी सांगायला नको.

तिथली माणसं मका आपल्यासारखा कोरडा दळत नाहीत. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच मुरू देतात, सकाळी चोळून धुतात म्हणजे वरचं साल सुटून येतं, आणि मग तो ओला मका वाटतात. पूर्वी घरोघर दगडी पाटा असायचा, आपल्या पाट्यापेक्षा जरा उतरता आणि खाली तीन पाय असलेला. त्या वाटलेल्या पिठाची पातळ भाकरी थापून मातीच्या तव्यावर भाजायची. तिला म्हणतात तोर्तिया. चुन्यामुळं पिठाला चिकटपणा येतो, भाकरी तुटत नाही. आपल्याकडं मक्याची भाकरी थापताना बायका कडक पाण्याची उकड काढतात, ती याच अडचणीपायी. चुन्याचा आणखी एक गुण आहे. मक्यात नियासिन नावाचं एक जीवनसत्त्व असतं, पण ते बांधलेल्या स्थितीत, अंगाला न लागणारं. चुना ते मोकळं करतो. युरोपच्या लोकांनी मका आपल्या देशात नेला, पण चुना मागंच राहिला. मग जिथं गोरगरीब नुसत्या मक्यावर जगत होते, तिथं पेलाग्रा नावाचा आजार पसरला. कातडी काळवंडून फाटायची, पोट बिघडायचं, डोकं फिरायचं. इटलीत आणि पुढं अमेरिकेच्या दक्षिणेत त्यानं हजारो माणसं नेली. मेक्सिकोच्या म्हाताऱ्या बायका मात्र कुठलंही पुस्तक न वाचता चुना घालत होत्या.

मिरचीही तिकडचीच बरं का. आपल्या ठेच्याशिवाय आपलं पान हलत नाही, पण मिरची आपल्याकडं आली ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून, चार-पाचशे वर्षांपूर्वी. नाचोच्या गोष्टीत जी मिरची आहे तिला हालापेन्यो म्हणतात, हालापा या शहरावरून. बोटाएवढी जाड, हिरवीगार. तिखटपणात आपल्या लवंगी मिरचीपुढं अगदीच गरीब. ती ते लोक शिरक्यात मुरवून ठेवतात.

आता ती गोष्ट.

साल १९४३ सांगतात, काहीजण १९४० म्हणतात. दुसरं महायुद्ध चालू होतं. पलीकडं ईगल पासच्या बाजूला अमेरिकेच्या फौजेचा तळ होता. तिथल्या फौजींच्या बायका कधीकधी पूल ओलांडून खरेदीला यायच्या. एके दिवशी त्यातल्या काही जणी व्हिक्टरी क्लबात आल्या. नेहमीच्या गिऱ्हाईक. म्हणाल्या, रोजचं नको, काहीतरी वेगळं खायला दे. नाचो आचाऱ्याला शोधायला आत गेला, तर आचारी जागेवर नाही.

हॉटेलात काम केलेल्यांना ठाऊक असेल, अशा वेळी बाहेर येऊन ‘बाई, थोडं थांबा, आचारी आला की देतो’ असं सांगण्यात काही गैर नसतं. कॅप्टनचं काम तिथं संपतं. नाचो आत राहिला. जे समोर होतं त्यावर नजर फिरवली. तोर्तिया होत्या. त्यानं त्यांचे चार-चार तुकडे केले आणि तळले. वर पिवळं चीज किसून घातलं, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं. गाईच्या दुधाचा मोठा धंदा असलेला तो मुलूख. मग ते ताट भट्टीत सारलं, चीज वितळेपर्यंत. बाहेर काढून प्रत्येक तुकड्यावर मुरवलेल्या मिरचीची एक-एक पट्टी ठेवली आणि घेऊन गेला.

बाया खूश झाल्या. याला म्हणायचं तरी काय, असं विचारलं. नाव ठेवायलाही वेळ कुणाला होता? ‘नाचोज एस्पेसियालेस’, म्हणजे नाचोची खास चीज, असं काहीसं ठरलं आणि तेच चिकटलं.

ही गोष्ट वाचून आमच्या वाचक मायबहिणींना हसू आलं असेल तर नवल नाही. दिवेलागणीला पाहुणे दारात, डब्यात मूठभर पीठ, परसात चार मिरच्या, आणि आतल्या आत काहीतरी करून ताट वाढायचं, हे तर आपल्या घराघरात झालेलं आहे. किती पदार्थ असेच जन्मले असतील. फरक एवढाच, की त्यांना करणारीचं नाव कधी पडलं नाही. वाढणारी चुलीपुढंच राहिली आणि विचारणाऱ्यानं विचारलंच नाही. नाचो स्वतः ताट घेऊन टेबलाशी गेला, म्हणून निदान त्याचं नाव तरी टेबलावर पोचलं.

त्या बायांनी घरी जाऊन सांगितलं, त्यांच्या मैत्रिणी आल्या. पदार्थ हॉटेलात रोजचा झाला. पुलापलीकडं गेला. १९४९ साली अमेरिकेत छापलेल्या टेक्सासच्या खाण्यावरच्या एका पुस्तकात त्याचा उल्लेख आला. १९५४ साली ईगल पासच्या चर्चमधल्या बायकांनी आपापल्या कृती गोळा करून एक पुस्तक काढलं, त्यात तर कृतीच छापली. १९५९ च्या सुमारास टेक्सासहून गेलेल्या एका वाढपिणीनं तो पार लॉस एंजेलिसच्या हॉटेलात नेऊन पोचवला. हातोहात, तोंडोतोंडी. जाहिरात नाही, दलाल नाही.

नाचोच्या घरी मात्र त्यामुळं काही चूल मोठी झाली नाही. त्याला नऊ मुलं. हॉटेलच्या नोकरीवर नऊ लेकरांचं घर चालवायचं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात खाणारी तोंडं जास्त आणि एकर कमी, त्याला वेगळं समजावून सांगायला नको. पुढं १९६१ साली व्हिक्टरी क्लब बंद झाला. गावातल्या दुसऱ्या एका हॉटेलातही त्यानं काम केलं, आणि स्वतःचंही हॉटेल काढलं. त्याच्या पाटीवर स्वतःचंच लाडाचं नाव घातलं. लोकांच्या तोंडी बसलेलं ते नाव, तेवढंच त्याचं भांडवल म्हणा ना.

त्याच्या एका मुलानं बापाचंच नाव लावलं होतं. तोही इग्नासिओ. शिकला, पुलापलीकडं ईगल पासच्या बँकेत नोकरीला लागला. मुलाच्या डोक्यात आलं, आपल्या बापाची ही चीज टेक्सासभर विकली जाते, त्याचा हक्क बापाला मिळाला पाहिजे. १९६० साली तो सान अँटोनिओच्या एका वकिलाला जाऊन भेटला. वकिलानं सांगितलं, सतरा वर्षं झाली, आता काही करता यायचं नाही. हा पदार्थ आता सगळ्यांचा झाला.

कायद्यानं बघितलं तर वकिलाचं चूक नव्हतं. अमेरिकेत पेटंट घ्यायचं तर नवी युक्ती लोकांपुढं आणल्यापासून वर्षभराच्या आत अर्ज करावा लागतो, आणि त्या काळी मिळालेलं पेटंटही सतराच वर्षं चालायचं. शिवाय भाकरीवर चीज आणि मिरची ठेवणं ही नवी युक्ती म्हणून मान्य झाली असती की नाही, कोण जाणे. पण मला राहून राहून वाटतं ते वेगळं. गिऱ्हाईक उपाशी बसलंय म्हणून आत गेलेल्या माणसानं त्या आठवड्यात वकील गाठून अर्ज करायला हवा होता, ही अपेक्षाच मुळी विचित्र आहे. असले कायदे ज्यांच्याजवळ वकील असतो त्यांच्या सवडीनं लिहिलेले असतात. शेतात नवं वाण हाताला लागलेला शेतकरी आणि भट्टीपुढचा हा कॅप्टन, दोघांची गत एकच.

मुलाची तळमळ होती, बापाला मात्र तिचं फारसं काही वाटत नव्हतं. मुलानं पुढं सांगितलं, त्यावरून दिसतं ते असं. बापाचं म्हणणं, गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून केलेलं ते एक खाणं, सरहद्दीवर होतात तसल्या दहा पदार्थांतलं एक. आता याला मोठेपणा म्हणायचं की भोळेपणा, ते तुम्ही ठरवा. नऊ मुलांच्या बापाला पैसा नकोसा असतो, असं मात्र मी मानत नाही. मिळणार नाही असं कळल्यावर माणूस कडू न होता कामाला लागतो, एवढंच यात मला दिसतं. आणि तेवढंही सोपं नसतं.

नोव्हेंबर १९७५ मध्ये इग्नासिओ अनाया वारला. वय ऐंशी.

पुढच्याच वर्षी, १९७६ साली, टेक्सासमधल्या आर्लिंग्टन गावच्या बेसबॉलच्या मैदानात फ्रँक लिबर्टो नावाच्या व्यापाऱ्यानं नाचोज विकायला आणले. खेळाच्या मैदानात भट्टी कुठून आणायची आणि चीज वितळेपर्यंत थांबणार कोण? गिऱ्हाइकाला पुन्हा खेळ बघायला पळायचं असतं. तेव्हा लिबर्टोनं वितळलेलंच राहील असं चीजचं पातळ सारण तयार केलं. आधी तळून ठेवलेल्या मक्याच्या चकत्या कागदी ताटलीत घ्यायच्या, वरून पळीभर सारण ओतायचं, मिरची टाकायची, पुढचा. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, फुटबॉलच्या सामन्याचं दूरदर्शनवर वर्णन करणाऱ्या हॉवर्ड कोसेल या नामांकित समालोचकाच्या हातात ती ताटली आली. त्याला नाव इतकं गमतीदार वाटलं, की सामनाभर तो ते घोळत राहिला. देशभर लोकांनी ऐकलं. तिथून पदार्थ जो सुटला, तो थेट आपल्या तालुक्याच्या दुकानापर्यंत.

लिबर्टोनं लुटलं असं कुणी म्हणेल तर मी त्यात नाही. त्यानंही डोकं लढवलं, अडचण ओळखली, धंदा उभा केला. आपल्या सारणाची कृती मात्र त्यानं गुपित ठेवली होती, हे सांगायला हवं. व्यापारी आणि कॅप्टन यांच्यातलं अंतर तेवढ्यात दिसतं. आणि खरं सांगायचं तर नाचोनं केलेला पदार्थ आणि पाकिटातला पदार्थ यांत आता नावापलीकडं थोडंच साम्य उरलं आहे. त्याच्या ताटात प्रत्येक तुकड्याला आपलं चीज होतं आणि आपली मिरची होती.

करून बघायचं असेल तर अवघड काही नाही. मक्याच्या पिठाची उकड काढून पातळ भाकरी थापा, भाजा, गार होऊ द्या. चार तुकडे करून मंद आचेवर कडक तळा. तालुक्याला साधं चीज मिळतं, ते किसून घाला, जाड तव्यावर झाकण ठेवून वितळेपर्यंत धरा. मिरची आदल्या दिवशी शिरका-मिठात उभी चिरून ठेवा, आणि ती लवंगी नको, पोपटी जाड मिरची घ्या, नाहीतर पाहुणे पाणी मागत राहतील. ताट लगेच वाढा. गार झालं की चीज चामड्यासारखं होतं.

नावाची गंमत अजून बाकी आहे. पदार्थ जगभर गेला, पण माणूस विसरला गेला, इतका, की पुढं कोशकारांना ‘नाचोज’ हा शब्द कुठून आला याचा शोध घ्यावा लागला. स्पॅनिशमध्ये ‘नाचो’चा एक अर्थ चपट्या नाकाचा असाही आहे, म्हणजे घोटाळा व्हायला जागा होती. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशासाठी संशोधन करणाऱ्या एड्रियाना ऑर या बाईंनी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली पुस्तकं चाळून माग काढला आणि १९९९ साली तो लिहून प्रसिद्ध केला. चौकशी सुरू झाली चपट्या नाकापासून आणि पोचली पिएद्रास नेग्रासच्या नाचोपाशी. चर्चच्या बायकांनी काढलेलं ते कृतींचं पुस्तक तिथं साक्षीला उभं राहिलं. कुणाकडून शिकलो ते त्या बायकांनी पदार्थाच्या नावातच जपलं होतं. आमच्या गावच्या महिला मंडळांनी कृती लिहून काढताना कुणाच्या हातची, एवढं शेजारी टिपून ठेवावं, असं मला तेव्हापासून फार वाटतं.

गाव काही त्याला विसरलं नव्हतं. पिएद्रास नेग्रासमध्ये त्याच्या नावाची ब्राँझची पाटी आहे. २१ ऑक्टोबर हा दिवस नाचोजचा म्हणून पाळतात आणि त्या महिन्यात गावात नाचोची जत्राच भरते. तिथं करणाऱ्यांच्या चढाओढी लागतात. कुणी मांस घालतो, कुणी राजमा, कुणी आणखी काही. बँकेतून निवृत्त झालेला तो मुलगा, बापाचं नाव लावणारा, बरीच वर्षं तिथं परीक्षक म्हणून बसायचा. समोर एकामागून एक ताटं यायची आणि तो प्रत्येकातला एक तुकडा उचलून खाऊन बघायचा.